गळ्याचं अस्तर

उभादांड्याला, पंपाच्या खोलीमागे, जास्वंदीच्या कुंपणावर
दोन शिंजीर येतात सकाळी.
माद्या. पाठ दोघींची एकाच ठाणातली,
मिठात मुरलेल्या कैरीच्या सालीची.
चोच वाकडी, जाड कापडात अडकून वाकलेल्या सुईसारखी.
पस्तीस वर्षं मी ब्लाउज शिवते,
तरी पंधरा दिवस मला ती एकच वाटली,
एकच बाई, दोनदा आलेली.

मग कळलं, गळा बघायचा.
एकीचा राखाडी-पांढरा, धुऊन विटलेल्या मलमलीचा,
पिवळं सुरू होतं ते छातीपासून.
दुसरीचं पिवळं थेट चोचीखालून,
जोड नाही, सलग कापड.
पहिली जांभळ्या पाठीच्या शिंजिराची, दुसरी नुसत्या जांभळ्याची,
असं भाचीने वहीत लिहून दिलं.
नावांनी घोळ वाढलाच. मी त्यांना
जोडगळी आणि सलगगळी म्हणते.
(आंब्याच्या बांडगुळावर फुलटोच्याही असतो,
अंगठ्याएवढा, आखूड चोचीचा, सदा घाईत.
त्याला मी मोजत नाही.)

कार्तिकात तिसरी आली.
सलगगळीच, पण हनुवटीपासून पोटापर्यंत काळी रेघ,
कुणी खडूऐवजी कोळशाने माप घेतल्यासारखी.
वहीत नव्हती.
दोन दिवस मशीन थांबवून बसले मी.

पुढच्या पहाटे भालू केळुसकर आला.
रात्री जत्रेत द्रौपदी होता,
आता लुंगी, हातात पिशवी,
पिशवीत मीच शिवलेला ब्लाउज, काखेत उसवलेला.
"आजच होयो गो. रात्री म्हापणाक नाटक आसा."
खोबरेल तेलाने तोंड पुसलं होतं त्याने,
पण हनुवटीखालून गळ्यावर
काजळाचा एक ओघळ राहिला होता.

सुई बोटात टोचली.

बाई नव्हतीच ती कुंपणावर.
नर होता. पिल्लं उडून गेल्यावर
चकचकीत निळा-काळा अंगरखा उतरवलेला,
आणि मधली एवढीशी पट्टी राहून गेलेली.

"खंय बघतंस?" भालूने विचारलं.
"गळो पूस तुझो."
त्याने लुंगीच्या टोकाने खसाखसा पुसला,
पैसे जत्रा उरकल्यावर देतो म्हणाला, गेला.

कुंपणावरच्याचं मात्र उलट.
त्याची पट्टी आता रोज थोडी रुंद होते आहे.
शिमग्यापर्यंत पिवळं कुठे दिसायचं नाही.
मी वहीत तिसरं नाव लिहिलं नाही,
दुसऱ्याच्याच ओळीत, बाजूला,
कोळशाने एक रेघ ओढली.