गिरणीवरचा वर्ग

घणसोली गावात, भोईरांच्या पिठाच्या गिरणीवर
माझा वर्ग भरतो, सात ते साडेआठ.
भाडं कमी, कारण जमीन थरथरते
आणि खडू लावायच्या आधीच
फळा पांढरा झालेला असतो.

नवीन मुलं पहिल्या दिवशी विचारतात,
मॅडम, या आवाजात शिकायचं कसं?
महिन्याभरात त्यांचं त्यांना कळतं:
गिरणी चालू असली की सगळ्यांना इंग्रजी येतं.
बाजरीच्या घरघरीत
रबाळ्याच्या कंपनीतला वॉचमन तुळशीदास
मॅनेजरची मुलाखत बिनधास्त देतो.
शेवंताताई सुनेला जे मराठीत कधी बोलल्या नाहीत
ते थेट इंग्रजीत सुनावतात.
क्रियापदं वाटेल तिथे, पण मान ताठ.

मग कुणाचा तरी डबा दळून होतो,
गिरणी थांबते,
आणि सगळ्यांची जीभ टाळूला.
तोंड तेच, शब्द तेच.
फक्त आता ऐकू येतं.

बी.एड.ला भीतीवर एक आख्खं प्रकरण होतं.
मला त्यात चौऱ्याऐंशी टक्के.
कॉलेजात मी 'व्हेजिटेबल' चुकीचं म्हटलं होतं एकदा,
मागचा बाक हसला होता.
अजून तो शब्द मी घेत नाही.
भेंडी, दुधी, गवार,
एकेकीला नावानं हाक मारते.

परवा हर्षला मढवी उभी होती,
विषय: माझं कुटुंब.
खाली कुणाचे तरी गहू चालू होते
आणि लाइट गेली.
गिरणीचा पट्टा सुस्कारा टाकत थांबला.
अंधारात उरलं तेवढंच वाक्य, अर्धं:
माय फादर इज

तिचा बापूस दिवाळीनंतर गेला.
वर्गातले चौघे तर मयतीलाही होते.

'वॉज' माझ्या ओठांवर आलेला.
अकरा वर्षांत हजारदा केलेली दुरुस्ती,
हात न लावता जिभेवरून निसटते.
दातांनी धरून ठेवली.

ती थांबली. मला वाटलं, बसेल.
माय फादर इज व्हेरी गुड इन कॅरम, म्हणाली.
ही इज नॉट लायकिंग टी विदाउट आलं.
ही इज ऑलवेज लूझिंग हिज चष्मा.
इज, इज, इज,
सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात,
एकदाही न अडखळता.

लाइट आली.
शेवंताताई म्हणाल्या, डोळ्यात पीठ गेलं.
गहू पुन्हा सुरू झाले.

रजिस्टरात 'भूतकाळ' असा एक रकाना आहे,
ज्याला आला त्याच्यापुढे मी बरोबरची खूण करते.
हर्षलापुढे लिहिलं, पुढच्या महिन्यात.
मग तेही खोडलं.