अडतिसावा

पुलावर एक पहारेकरी आहे. बगळ्याचं तोंड,
हातात वल्ह्यापेक्षा लांब भाला.
मी जाते, तो मारतो.
पडदा काळा होतो, आणि मी पुन्हा अलीकडे,
कंदिलापाशी, काही घडलंच नाही अशी.

हे सगळं वाकोल्यात, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री पावणेबाराला.
डोक्यावरून विमानं उतरतात, इतकी खाली
की बगळ्याचं ओरडणं ऐकू येत नाही,
आणि ओरडला की उडी मारायची असते.
तेवीस वेळा मेले. त्यातले चार तरी
विमानतळाच्या खात्यावर टाकायला हरकत नाही.

वय त्रेचाळीस. पतपेढी, वसुली विभाग.
दिवसभर लोकांना विचारते, हप्ता का चुकला.
रात्री माझी उडी चुकते,
आणि मला विचारणारं कोणी नाही.
ऑफिसात मंजिरी कर्णिकला सांगितलं, तर म्हणाली,
"अगं, झोपत जा."

म्हणून वही काढली.
तक्रार लिहायला, दुसरं काही नाही.

खोक्यात होती, जुन्या कॅसेटींच्या खाली.
लॅमिंग्टन रोडवरून बाबांनी आणलेली ती पिवळी,
वर छापलेलं: नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ.
खरे अकरा. बाकी तेच, रंग बदलून,
कुठे हिरवा माणूस, कुठे निळा.
बाबा म्हणाले, मोजून तरी घेऊ,
आणि खरंच बसले मोजायला, रविवारचे, लुंगीवर.
चारशे बाराला कंटाळले.

आधीच्या वह्यांत मी बरंच लिहायचे.
बावतीसच्या दुकानात रुपयाला तीन जीव मिळत, त्याचे हिशोब.
पोरींनी मशीनला हात लावायचा नाही म्हणणाऱ्या
ग्लेनला हरवलं, त्याची दोन पानं, अधोरेखित.
या वहीतली शेवटची ओळ सहा वर्षांपूर्वीची:
"बाबांना इडली हवीय. खाली जाऊन येते."
पुढे कोरं.

त्या ओळीखाली रेघ मारली नाही.
एक ओळ सोडून लिहिलं:
"पुलावरचा बगळा नालायक आहे."

फार बरं वाटलं.

चोवीस: डावीकडे लोळायचं, उजवीकडे नाही.
पंचवीस: डावीकडेही नाही.
एकतीस: जवळजवळ! अंगठ्याला घाम, हात अजून थरथरतोय,
धड अक्षर येत नाहीये.
सदतीस: यावर लिहिणार नाही.

शनिवारी ओजस आला, भावाचा, बारा वर्षांचा.
दूध उतू जायला आलं म्हणून मी उठले,
गॅस बंद करून आले, तर म्हणाला,
"आत्या, झालं. गेला तो."
पुलाच्या पलीकडे माझा माणूस उभा होता.
तिकडे पहाट होत होती, लव्हाळं हलत होतं,
आणि मी पोचले तेव्हा मी तिथे नव्हते.

ओरडले त्याला. खरंच ओरडले,
बारा वर्षांच्या पोराला, एका बगळ्यावरून.
रडवेला होऊन म्हणाला, "मी तर मदत केली."
मदतच सगळे करतात.
मीही खाली मदतीलाच गेले होते,
चटणी वेगळी बांधा म्हणत होते.

मग दोघांनी ते दूध प्यायलं, साखर जास्त घालून.
त्याने जुना जतन केलेला डाव शोधून दिला,
पुलाच्या अलीकडचा.
बगळा जागच्या जागी, भाला सरळ.
एवढं या खेळात चांगलं आहे, मान्य करते.

अडतीस: खेळायचं राहिलं.
इडलीचं लिहीत बसले. सव्वादोन पानं.
गाडीवाल्याकडे सुटे नव्हते,
पिशवीत सांबार किती सांडलं, तेही.
ओजस तोंड उघडं टाकून सोफ्यावर झोपलाय.
एक विमान गेलं.
कंदिलापाशी माझा माणूस श्वास घेतोय;
आपण काही करत नसलो तरी घेतात ते.
थांब म्हटलं. येते.