अस्तर

मिसेस गेडिसच्या कोटाचं अस्तर
बदलत होते, मान वाकवून, तीन दिवस.
मग डाव्या कानामागून जबड्यापर्यंत
कुणी दाभण ओढावं तसं दुखू लागलं.
शिवणाऱ्या बाईची मान दुखणारच.
बाम चोळला.

चौथ्या दिवशी ट्रायलच्या आरशात
त्यांच्या खांद्यावरून मीच दिसले मला:
डावी पापणी अर्धी उतरलेली,
बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी.
कोट राहू दे, म्हणाल्या,
आणि डंडीच्या त्या चढावर टॅक्सी थांबवली.

मशीन ठोकत राहिलं,
जुन्या पायमशीनसारखं, लय चुकत.
डॉक्टर मॅकलिशनी पडदा माझ्याकडे वळवला.
काळ्या ठिपक्याला बिलगून पांढरी चंद्रकोर.
मेंदूकडे जाणारी धमनी. आतला थर फाटलाय,
रक्त दोन थरांमध्ये शिरलंय.
म्हणजे अस्तर उसवलंय, मी म्हटलं.
त्या थांबल्या. हो, तसंच.

मग टाका कधी घालणार?

टाका नाही.
रक्त पातळ करायच्या गोळ्या,
गुठळी सुटून वर जाऊ नये म्हणून.
मान झटकायची नाही, ओझं उचलायचं नाही.
तीन महिन्यांनी पुन्हा फोटो.
बहुतेकदा आपलं आपण जुळून येतं.

बहुतेकदा.
वीस वर्षांत आपलं आपण जुळलेलं
एकही कापड माझ्या हाताखालून गेलेलं नाही.

कोट अजून खुंटीवर, एक बाही उलटी,
सुई तिथेच टोचलेली.
रात्री उशीवर डावा कान टेकला की
आत काहीतरी सूं सूं वाजतं,
जाड कापडातून दोरा ओढताना येतो
तसा आवाज.

कोण शिवतंय,
मान वळवून बघायला मनाई आहे.