शुक्रवार, जेवणानंतरचा तास

वेळापत्रकात मूल्यांना शुक्रवारची जागा मिळाली,
जेवणानंतरची, कुणालाच नको असलेली.
कुमासीच्या त्या खोलीत उभा पंखा
डावीकडून उजवीकडे मान हलवत
प्रत्येक मुद्दा आधीच नाकारायचा.

पाच विभागांतून आलेली पोरं:
रसायनशास्त्राची एसिनाम, खाणकामाचा फुसेनी,
कायद्याची झिफा, अर्थशास्त्राचा बाफोर,
आणि नाटक विभागातला आंत्वी,
जो चुकून नाव घालून बसला
आणि काढायचं विसरला.

मी फळ्यावर लिहिलं, कर्तव्य.
फुसेनीनं विचारलं, मॅडम, याचं एकक काय?
सगळे हसले. मीही हसले.
रात्री भांडी घासताना मात्र
तो प्रश्न हाताला चिकटून राहिला, धुपेना.

मग मी गाडी मागवली.
ओफिनच्या काठी अक्रोफोसो,
जिथं सोनं धुणाऱ्यांनी नदी इतकी ढवळलीय
की काठावरच्या पोरांना
पाण्याचा रंग विचारला तर ती मातीचा सांगतात.
विहिरी आठ. बाटल्या चोवीस.
एसिनामनं हातमोजे घातले, तारखा लिहिल्या,
बाटल्या बर्फात नीट झोपवल्या.
झिफा संमतीपत्र ट्वीमध्ये वाचू लागली
आणि 'सहभागी' या शब्दापाशी अडली,
कारण मामे पोकुआनं विचारलं,
सहभाग? कशात गं?

आकडा आला: पारा, मर्यादेच्या चौपट,
तिच्याच विहिरीत.
पारा चढतो तो रागाचा, एवढंच
तोवर बाफोरला माहीत होतं.

मग आम्ही चर्चा केली.
फार छान चर्चा झाली.
बाफोर म्हणाला, घबराट पसरेल, कोकोचा भाव पडेल.
झिफा म्हणाली, दुसऱ्या प्रयोगशाळेची सही हवी,
नाहीतर खटला आपल्यावरच.
एसिनाम म्हणाली, नमुना एकच, पुन्हा घेऊ.
फुसेनी काही बोलला नाही;
त्याच्या मामाचं खोदयंत्र त्याच वळणावर चालतं
आणि फुसेनीची फी त्याच यंत्रातून निघते.
पाणी कुठं मुरतंय ते मला दिसत होतं,
मीही मूग गिळून गुण मांडत होते:
मुद्देसूदपणा, आठ. संदर्भ, सात.

आंत्वीनं खिडकीतून बाहेर बघत विचारलं,
ती आज भात कशात शिजवतेय?

गेलो.
तिथली रीत अशी, की पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय
येण्याचं कारण विचारायचं नाही,
आणि पाहुण्यानं ते घेतल्याशिवाय सांगायचं नाही.
मामे पोकुआनं कडा उडालेले कप भरले,
एकेक हातात दिला, समोर बसली.
पाच विद्याशाखा कपात बघत राहिल्या.
कुणी उजळणी करत होतं, कुणी देवाचं नाव घेत होतं.
मी काय करत होते ते मी कुठं लिहिलेलं नाही.

ती म्हणाली, प्या की.
निळ्या पिंपातलं आहे, पावसाचं.
पाहुण्यांसाठी वेगळं ठेवते.

आम्ही प्यालो.
मग तिनं विचारलं, कशाला आलात?
एसिनामनं आकडा सांगितला, दोनदा,
दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.
म्हातारी शांत. हातातला नेसणीचा काठ
बोटांनी मोजल्यासारखा सरकवत राहिली.
हे तुम्हाला कधी कळलं?

कुणीतरी म्हणालं, नऊ दिवस झाले.

परतताना गाडीत रेडिओ लागला नाही.
फुसेनी मागच्या सीटवर
मामाचा नंबर उघडत होता, बंद करत होता.

पुढच्या शुक्रवारी मी उशिरा पोचले.
फळ्याच्या कोपऱ्यात, खाणकामाच्या नीटस अक्षरात,
एक आकडा होता, ९,
आणि शेजारी एकक: दिवस.
सत्रअखेर मला त्या पोराला गुण द्यायचे होते.
फळा मी अजून पुसलेला नाही.
पंखा मान हलवतोय.