एकतीस

उद्यमबागेत फाउंड्रीचं एक एक्स्चेंज,
शिनोळीत मशीन शॉपचं दुसरं,
निपाणीत डेपोच्या जिन्याखाली तिसरं,
तंबाखूच्या खकाण्यानं त्याचा पंखा दोनदा बसलेला.
तिघांच्याही पोटात एकेक एकतीस नंबर.

किल्लेकर शेठ म्हणाले, सगळं एक करून सोड.
मी म्हटलं, वायरचं काय, ओढली की जाते.
भांडण नंबरांचं आहे.
एकतीस फिरवला तर उचलायचा कुणी?

रात्री कागद घेऊन बसलो.
माझा हेल्पर मौनेश बडिगेर,
नावाला जागून दिवसाकाठी चार शब्द बोलतो,
त्यातले तीन त्यानं तेव्हा खर्चले :
फुडं आकडा लावा.
उद्यमबाग चार, शिनोळी पाच, निपाणी सहा.

शिनोळीच्या नारू गावड्यांना ते पटेना.
हत्यारांच्या पेटीवर ऑइलपेंटनं ३१,
एकोणीस वर्षं झाली, कडेपासून कडेपर्यंत,
आधी पाच मांडायला बोटभर जागा नाही.
"मागं लाव की मग," म्हणाले.
मागं लागत नाही हो काका.
शेवटी त्यांनीच खडूनं लिहिला, पेटीच्या बगलेवर,
तिरका, कधीही पुसता येईल असा.

बोर्डावर शालन कडोलकर.
तिच्याकडं एस.टी.डी.ची वही :
तारीख, कोण, कुठं, किती मिनिटं.
बाची ओलांडली की शिनोळी,
पाटीवरची अक्षरं बदलतात, खड्डे तेच राहतात,
पण फोन लावायचा तर आधी शून्य, मग दोन तीन दोन शून्य,
आणि शालनची परवानगी.
कुणाची बायको अडलीय, कुणाचा माल अडकलाय,
कोण उगाचच बोलूलालंय,
वहीत मिनिटं होती, बाकीचं तिच्याजवळ.
"आता मला काय उरलं?"
बाहेरचे फोन, मी म्हटलं.
"बाहेरचे म्हणजे कुठले रे, आता?"
माझ्या हातात पंचटूल होतं. मी एक जोडी ठोकली,
मग आणखी एक.

रविवारी टेस्टिंग.
पहिल्यांदा नुसता प्रतिध्वनी,
आपलंच हॅलो अर्ध्या सेकंदानं परत येतं,
कुणीतरी आपली नक्कल करतंय असं.
गेन उतरवला. पुन्हा लावला.
चारशे एकतीसवर इराप्पा हुक्केरी, कोअर शॉपचा.
पाचशे एकतीसवर गावडे.
अकरा वर्षं हे दोघं एकमेकांशी
खडूनंच बोलत आलेले, तेही कास्टिंगवर.
टेम्पोतून माल तिकडं जायचा,
परत यायचा तेव्हा भोकाभोवती गोल आणि मराठीत शिवी.
इराप्पा शिवी पुसायचा, कानडीत लिहायचा, सरि ऐति,
आणि तोच नग पुन्हा टेम्पोत.

घंटी गेली. उचलला.
कुणीच बोलेना.
मौनेश माझ्याकडं बघायला लागला, मी दिव्याकडं.
दिवा हिरवा.
"यारु?"
"एकतीस."
"मीबी एकतीस."
पुन्हा थोडा वेळ लाईनीवर नुसती खरखर.
मग तिकडून :
"भोकं तूच पाडूलालास व्हय रे?"
"भोक न्हाई ते, तुमची ड्रिल वाकडी हाय!"

चाळीस मिनिटं.
अर्धं कानडी, अर्धं मराठी, वाळूतला ओलावा, बिटाची धार,
मधेच कुणाच्या तरी गुडघ्याचं औषध.
एक पैसा पडला नाही.
शालननं सवयीनं घड्याळ बघितलं,
वही तर मीच कपाटात टाकायला लावलेली,
तिनं तळव्यावर लिहिलं : ४०.

बिल घेऊन गेलो तर अकाउंटंटनं विचारलं,
काम कुठल्या राज्यात झालं?
टॅक्स वेगळा लागतो, इथला एक, तिथला एक.
खोकी इथं, खोकी तिथं, ते ठीक,
पण तुझी ही 'लिंक' म्हणून जी काय रक्कम आहे,
ती नेमकी कुठं बसवलीस?

मी त्या रकान्यात लिहिलं, वाटेत.

बिल अजून पास झालेलं नाही.
विचारायला फोन केला की
शालन उचलते, म्हणते, थांब हं, जोडते,
आणि बराच वेळ जोडत नाही.