कानामागे

कागदावर माझा जन्म सात डिसेंबरचा,
ग्युमरी कोसळली त्या दिवशीचा.
मला तेव्हा चार दात होते.
कारकुनाच्या फॉर्मात दातांसाठी रकाना नव्हता.
आडनाव बाकोयान, म्हणजे त्या ट्रक ड्रायव्हरचं,
ज्यानं बटाट्याच्या पोत्यात गुंडाळून मला येरेवानला आणलं.
नाव वार्सेनिक. कुणी ठेवलं, विचारायचं राहिलं.

मग बायका येऊ लागल्या,
रविवारी, अनाथाश्रमाच्या लांब बाकापाशी.
काळे रुमाल, गार बोटं.
हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायच्या,
केस वर करून कानामागे बघायच्या.
कुणाला तीळ हवा असायचा, कुणाला भाजल्याचा डाग.
माझी कातडी कोरी.
केस खाली सोडायच्या,
कधी एखादं सुकं जर्दाळू हातावर ठेवायच्या,
आणि पुढची मुलगी.

एकदा मी शाईनं तीळ काढला.
त्या बाईनं थुंकी लावून रुमालानं पुसला,
बराच वेळ पुसत राहिली,
काही बोलली नाही.

आता मी चर्चमध्ये मेणबत्त्यांची वाळू साफ करते.
थोटकं खरवडून एका पातेल्यात वितळवते.
कुणाच्या ऑपरेशनची, कुणाच्या लग्नाची,
रशियाला गेलेल्या कुणाच्या मुलाची.
वितळली की कुठली कुणाची, सांगता येत नाही.
पाद्री मेसरोपांना मी हेच दाखवलं, म्हटलं,
त्याला तरी मी कशी ओळखू येणार?
माझी खूण काय?
ते म्हणाले, आधी गॅस बारीक कर, उतू जातंय.

चौतिसाव्या वर्षी बाप्तिस्मा.
शेजारी उभे राहायला आर्शाविर, घड्याळं दुरुस्त करणारे.
त्यांची लेक ढिगाऱ्यात सापडलीच नाही.
त्यांनी कधी माझे केस वर केले नव्हते.

पाद्रींनी पोथीतला प्रश्न विचारला,
हे लेकरू काय मागतं आहे?
पोथीत लेकरूच आहे.
गुडघे दुखणाऱ्या बाईसाठी वेगळा शब्द नाही.
विश्वास, आशा, प्रीती आणि बाप्तिस्मा,
आर्शाविरना इतकंच म्हणायचं होतं.
ते प्रीतीवर अडकले.
प्रीती, म्हणाले. प्रीती.
जागच्या जागी थरथरणाऱ्या काट्यासारखे.
पाद्री थांबले. घाई कुणालाच नव्हती.

मग तेल. कपाळाला, डोळ्यांना, कानांना.
एक ओघळ कानामागे उतरला,
इतक्या बोटांनी धुंडाळलेल्या त्या जागी,
आणि तिथेच राहिला.
काही तपासत नव्हता.
हरवले होते मी माणसांना;
त्याच्याकडे माझी तक्रार कुणी नोंदवलेलीच नव्हती.
दोन दिवस मी केस धुतले नाहीत.

पासपोर्टच्या खिडकीवर वडिलांचं नाव अजून अडतं.
सात डिसेंबरला आर्शाविर केक आणतात.
मी म्हणते, तारीख चुकीची आहे.
ते सुरी पुढे करतात,
असू दे, चावायला चार दात होते ना तुला?