इजा : निरंक

फॉर्मवर मी लिहिलं, इजा : निरंक.
खालचा रकाना नुकसानीचा.
लिहिलं, टोपी, नग एक. मालक एल्विन, वय एकोणऐंशी.
ऑगस्ट होता, पण वेल्समधला ऑगस्ट,
कागद ओला, शाई फुटली.

शनिवार, दोन चाळीसची गाडी.
एल्विन इंजिन आणि डब्याच्या मध्ये शिरत होता, साखळी काढायला.
फलाटावर एक मुलगी, गालभर आइस्क्रीम,
तिनं हात हलवला.
त्यानंही हलवला.
आणि वर फुटप्लेटवरून इथेलनं तो हात वाचला :
ये, मागे ये.

वीतभर आलं इंजिन.
घाम पुसायला काढलेली टोपी बफरवर ठेवली होती,
डोकं अजून बाहेर होतं.

या खोऱ्यात चाळीस वर्षं मी सुईण होते.
इथेल माझ्याच हातावर आला, पायाळू, पहाटे चारला.
कापसाचे बोळे मोजून आत, मोजून बाहेर,
आणि मोजायचं मोठ्यानं, दोघींनी,
एकीचा आकडा दुसरीच्या कानावर पडेल असं.
तेव्हा कुणी विचारलं नाही,
तुमचा एकमेकींवर विश्वास नाही का म्हणून.

इथे विचारतात.
इथे सगळे हौशी. एक निवृत्त पोस्टमन,
एक दंतवैद्य, दोन शाळामास्तर.
पगार म्हणजे चहा,
तोही ज्यानं त्यानं घरून आणलेल्या दुधाचा.
फुकट राबणाऱ्याला रागवायचं कोणत्या तोंडानं?
या एका प्रश्नाभोवती मी रात्रभर फेऱ्या मारल्या.
पहाटे एवढंच हाती लागलं :
अकरा टनांना कळत नाही
की हा माणूस हौसेनं आलाय.

हिवाळ्यात वर्ग घेतला, जुन्या डब्यात, पायाशी शेगडी.
कारण काय, विचारलं.
घाई, म्हणाले.
गाडी तर नऊ मिनिटं आधी आली होती.
दुर्लक्ष, म्हणाले.
इथेल टक लावून बघत होता, म्हणून तर.
मग बराच वेळ नुसती शेगडी बोलत राहिली.
तिकिटं विकणारी मेरेरिड कधी तोंड उघडत नाही,
ती म्हणाली, ओळख.

वीस वर्षांची ओळख.
एकाचा खांदा हलला की दुसऱ्याला कळायचं.
कळायचं म्हणजे,
कळलं असं वाटायचं.

तर नियम झाला. मध्ये शिरण्याआधी हाक : मी आत.
वरून उलट हाक : ब्रेक लावला, थांबलोय.
ती येईपर्यंत पाऊल उचलायचं नाही.
एल्विन म्हणाला, नाटक कंपनी काढलीस का?
सहा आठवडे त्याला साखळीला हात लावू दिला नाही.
त्यानं कुंपण रंगवलं, अख्खं, हिरवं,
आणि रविवारी प्रार्थनेला माझ्या रांगेतून उठून
दुसऱ्या रांगेत जाऊन बसला.
इथेल आपणहून घरी बसला होता.
त्याला आणायला मी दोनदा गेले.
दुसऱ्यांदा तो रडला. ते अहवालात नाही.

ईस्टर. हंगामातली पहिली गाडी.
एल्विनच्या डोक्यावर नवी टोपी, कानांवर उतरणारी.
मी आत! असा ओरडला
की उतारावरच्या मेंढ्यांनी माना वर केल्या.
ब्रेक लावला! थांबलोय!
खिडकीतला एक पाहुणा हसला. हसू दे.

फलाटावर या वेळी एक मुलगा.
त्यानं हात हलवला.
एल्विनचे दोन्ही हात साखळीवर.
त्यानं फक्त भुवया उचलल्या.
मुलाला ते दिसलं नसावं,
तो हात हलवतच राहिला.